रावळगावची गोळी, घरची कतली

महाराष्ट्रात एक पिढी अशी होऊन गेली की तिच्या लेखी रावळगाव हे गाव नव्हतंच; ती गोळी होती. वाढदिवसाला शाळेत काय वाटलं, तर रावळगाव. एसटीत पोरगं रडायला लागलं की आईच्या पिशवीतून काय निघायचं, तर रावळगाव. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की रावळगाव आमच्या मालेगाव तालुक्यात आहे, तर तो आपल्याकडे असा बघतो की जणू आपण चांदोबाच्या घराचा पत्ता दिला. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथं रावळगाव शुगर फार्म ही कंपनी काढली. चाळीसच्या दशकात साखरेच्या गोळ्या बनू लागल्या. पुढे मँगो मूड, कॉफी ब्रेक, पान पसंद ही नावं देशभरच्या टपऱ्यांवरच्या बरण्यांत जाऊन बसली. यंत्रमागाच्या कापडाखेरीज आमच्या तालुक्यानं देशाच्या हातात ठेवलेली ही दुसरी वस्तू.

२०२४च्या फेब्रुवारीत या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटी रुपयांना घेतले. नावांचे हक्क गेले, त्याबरोबर कृतीही गेल्या. कच्चा माल, वीज, मजुरी महागत चालली आणि गोळीचा दर काही वाढवता येईना, हे दुखणं. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी २७ कोटींवर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं फारच स्वस्तात गेले, कुणी म्हणालं गोळ्यांचे एवढे? मला मात्र एवढंच वाटलं की पान पसंदची खरी कृती आता कुठल्यातरी फायलीत बंद झाली. तेव्हा आज इथं जे सांगणार आहे ते फायलीतलं नव्हे. जिभेच्या आठवणीवरून जुळवलेलं आहे, आणि ते गोळीच्या रूपातही नाही.

पान पसंदच का, हे आधी सांगायला हवं. रमजानच्या रात्री आमच्या भागात पानाच्या टपऱ्या जागतात. तरावीहची नमाज संपली की मोठी माणसं मशिदीतून निघून आधी चहा घेतात आणि मग पान. मुलांना त्या पानात वाटा नसायचा. 'जीभ जाड होईल', 'अभ्यास चढणार नाही' असली कारणं सांगितली जायची. मग मुलांच्या वाट्याला पान पसंद यायची. आम्ही ती गालात धरून मोठ्यांसारखे एका बाजूनं बोलत गल्लीतून हिंडायचो. लहानपणी अर्ध्या दिवसाचा 'चिडिया रोजा' धरणारी पोरं दुपारपर्यंत ती खिशात सांभाळायची. कागदाचा आवाज खिशात येत राहायचा आणि तोच त्या रोज्याचा खरा कस असायचा. टीव्हीवर तिची जाहिरात यायची, खेकसून बोलणारी माणसं गोळी तोंडात टाकली की लगेच मधासारखी बोलायला लागायची. घरात कुणी चिडलं की 'एक पान पसंद द्या रे' म्हणायची पद्धत त्यातूनच पडली.

गोळी घरी करायचा नाद मात्र करू नये. साखरेची कडक गोळी म्हणजे साखर आणि लिक्विड ग्लुकोज यांचा पाक जवळजवळ १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन थंड केलेला. ग्लुकोज नसेल तर पाकात पुन्हा साखरेचे दाणे धरतात. एवढा पाक हातावर पडला तर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो चिकटून राहतो. शिवाय हवेतल्या ओलीनं घरच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी एकमेकींना बिलगतात. कारखान्याचं काम कारखान्याला शोभतं. आपण चव तेवढी घ्यावी आणि ती सोप्या, न भाजायच्या, कापून वाढता येणाऱ्या चौकोनात बसवावी.

या चौकोनाला इंग्रजीत डेझर्ट बार म्हणतात. आता रमजानच्या पानावर 'घरच्या घरी बार' असा मथळा देणं संपादकांना परवडणार नाही आणि मला घरी तोंड दाखवायचंय. वडी म्हणावं, तर खाली बिस्किटाचा थर आणि वर चॉकलेट. मराठी वडीला एवढा थाट मानवत नाही. आमच्या उर्दूत कतली हा शब्द आहे. कतली म्हणजे काप. बटाट्याचीही होते, बदामाचीही होते. तर ही पान पसंदची कतली.

आता रोज्यात गोड करण्याची खरी अडचण. करणारीला चाखता येत नाही. सकाळी चारला उठून सहरी केलेली बाई दुपारी चुलीसमोर उभी असते. समोर कढई, हातात पळी, नाकाला सगळा वास येतोय, आणि जिभेला बंदी. आमच्या फिकहच्या जुन्या ग्रंथांत गरज असेल तर जिभेच्या टोकानं चव बघून थुंकून टाकायची सवलत आहे. त्यातलं नेहमीचं उदाहरण ऐकण्यासारखं आहे: जिचा नवरा तापट आहे, मीठ कमी-जास्त झालं तर घर डोक्यावर घेतो, तिनं चाखलं तर हरकत नाही. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या विद्वानांनाही घरोघरचं माहीत होतं. पण बहुतेक बायका ती सवलत घेत नाहीत. अंदाजानं करतात, आणि इफ्तारच्या पहिल्या घासाला घरातल्या सगळ्यांचे चेहरे बघत बसतात.

आमच्या घरी हा प्रश्न अम्मीनं सोडवला. तो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढची मापं कळणार नाहीत, कारण ती तिचीच आहेत.

अम्मी सत्तरी ओलांडलेली. साठाहून जास्त वर्षं तिनं रोजे धरले. बाळंतपणात किंवा आजारपणात सुटलेले मागाहून मोजून भरून काढले. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा औषधं लावली. रोजा बंद. यात धर्माची काही अडचण नाही. आजारी माणसाला सूट आहे, आणि पुन्हा रोजा धरता येण्याची आशाच नसेल तर एका रोज्यामागे एका गरजूचं दोन वेळचं जेवण द्यायचं, याला फिदया म्हणतात. अम्मीचा फिदया रमजान लागताच जातो. पण हिशेब चुकता होणं आणि मनाचं समाधान होणं यात अंतर असतं. भर दुपारी गोळी घ्यायची वेळ झाली की ती पाण्याचा पेला पदराखाली धरून आतल्या खोलीत जायची. दहा वर्षांच्या नातवाचा रोजा आणि आपला नाही, याची तिला लाज वाटायची. "गोली खाने की उम्र में रोज़ा रखती थी, और अब रोज़े की जगह गोली," असं एकदा हसत म्हणाली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. इफ्तारच्या तयारीतही ती मागे मागे राहायला लागली. जिला घरातली प्रत्येक कढई विचारून चढायची, ती दस्तरखान अंथरला की शेवटी येऊन बसायची.

कतलीचा पहिला घाणा केला तो एका रविवारी. नारळाचं सारण हातात घेऊन मी उभी होते, पान किती उतरलंय ते कळत नव्हतं. दारातून आवाज आला, "मैं तो हूँ ना."

तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. तिच्याकडे एके काळी पितळी पानदान होतं. चुना, कात, लवंग, वेलची यांचे कप्पे तिला अंधारातही सापडायचे. दात गेले तसं पान सुटलं. पण जीभ कुठं जाते? "पान है, पर लौंग सो रही है. और सौंफ़ कूटी क्यों नहीं, पीसी क्यों?" एवढं बोलून तिनं स्वतः खलबत्ता ओढला. त्या दिवसापासून आमच्या घरची अधिकृत चाखणारी ती. बातमी गल्लीत गेली. आता संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेजारच्या चार घरांतून वाट्या येतात: कुणाच्या यखनीचं मीठ, कुणाच्या दहीवड्याचं दही, कुणाच्या शीरखुर्म्याची रंगीत तालीम. अम्मी पलंगावर बसून जिभेच्या टोकानं निकाल देते, आणि रोजेदार पोरीबाळी तिच्यासमोर वाटी धरून उभ्या असतात. पाण्याचा पेला हल्ली तिच्या शेजारीच, तिपाईवर असतो.

तर मापं. आठ इंची, म्हणजे वीस सेंटिमीटरचा चौकोनी डबा घ्या. नसेल तर काठ असलेलं ढोकळ्याचं ताट चालेल. आत बटर पेपर अंथरा आणि त्याची टोकं बाहेर राहू द्या, म्हणजे शेवटी सगळं एकदम उचलता येतं. २०० ग्रॅम मारी बिस्किटं मिक्सरमध्ये रव्याइतकी बारीक करा. पीठ करू नका, थर दगडासारखा बसतो. त्यात १०० ग्रॅम वितळलेलं लोणी मिसळा. मुठीत दाबल्यावर मूठ धरली पाहिजे. डब्यात पसरून वाटीच्या बुडानं घट्ट दाबा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

पानांबाबत मात्र घाई नको, सगळी चव तिथं आहे. मध्यम आकाराची सहा पानं. टपरीवर 'कलकत्ता' म्हणून मिळतं ते मोठं आणि तिखट, त्याची चारच पुरतात. कपुरी सौम्य असतं, ते मला या कामाला जास्त आवडतं. मघई तोंडात विरघळणारं असतं, पण ते वाटायला घेणं म्हणजे पैठणीचं पोतेरं करणं. पानं धुऊन फडक्यानं अगदी कोरडी करा. देठ आणि मधली जाड शीर काढा, कडवटपणा बराचसा त्यातच असतो. कात्रीनं कापून मिक्सरमध्ये टाका आणि पाण्याऐवजी कंडेन्स्ड मिल्कचे तीन चमचे घालून वाटा. पाण्याचा थेंबही नको. पाणी गेलं की कतली दुसऱ्या दिवशी ओली होते आणि टिकत नाही.

कंडेन्स्ड मिल्कचा एक अख्खा डबा, साधारण ४०० ग्रॅमचा, या कृतीला लागतो. वाटणात घातलेलं त्यातलंच. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप टाकून २५० ग्रॅम सुक्या नारळाचा बारीक कीस, दुकानात डेसिकेटेड कोकोनट म्हणतात तो, मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू देऊ नका. उरलेलं कंडेन्स्ड मिल्क घालून पाच-सहा मिनिटं हलवत राहा. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की गॅस बंद. आता थांबा. हात लावता येईल इतकं कोमट झालं की मगच पानाचं वाटण घाला, कारण गरम कढईत पान घातलं की त्याचा हिरवा रंग मरतो आणि वास उडून जातो. त्यावर चार मोठे चमचे गुलकंद, दोन लहान चमचे कुटलेली बडीशेप, अर्धा चमचा वेलचीपूड, चिमूटभर मीठ आणि दोन लवंगांची पूड. लवंगांचा हा आकडा वादग्रस्त आहे, त्यावर पुढे येते. गुलकंद पातळ, पाकाळ असेल तर चाळणीवर निथळून घ्या. हिरवा रंग घालू नका. या कतलीचा रंग शेवाळी, थोडा तपकिरी येतो, आणि तो तसाच असू द्यावा. पोपटी रंगाचं काही दिसलं की मला दुकानातल्या काचेमागची मिठाई आठवते.

हे सारण बिस्किटाच्या थरावर पसरून दाबा आणि तासभर गार करा. वरच्या थराला १५० ग्रॅम काळं चॉकलेट लागतं. भांड्यात पाणी गरम करून त्यावर कोरडी वाटी अशी ठेवा की तिचं बूड पाण्याला टेकणार नाही. त्यात तुकडे करून चॉकलेट वितळवा. वाफेचा एक थेंब आत पडला तरी चॉकलेट आक्रसून त्याचा गोळा होतो. वितळलं की चमचाभर खोबरेल तेल, अर्थात खायचं, किंवा तूप मिसळा. त्यानं वरचा थर कापताना तडकत नाही. पांढरं चॉकलेट घातलं तर सगळंच गोड होतं. पानाला थोडा कडवट शेजार लागतो. अर्ध्या तासानं गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं पाच बाय पाच कापा. पंचवीस तुकडे होतात. बंद डब्यात, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतात, म्हणजे राहू शकतात.

सुपारी घालू का, असं दोघींनी विचारलं. नका घालू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवायची, कर्करोगकारक म्हणून नोंदवलेली आहे. आणि आपल्याकडे गल्लोगल्ली तोंड न उघडणारे तरुण बघितल्यावर संशोधनाची गरजही उरत नाही. पानाचा वास, लवंगेचा चटका, गुलकंदाचा गारवा एवढ्यावर पान होतं. गोळीनं मुलांना सुपारीशिवायच पानाची चव दिली, तेच आपण करायचं.

साखरेचा हिशेबही सांगून टाकते. कंडेन्स्ड मिल्क, गुलकंद, बिस्किटं, चॉकलेट सगळं धरून एका तुकड्यात साधारण पंधरा ग्रॅम साखर जाते. म्हणजे तीन चमचे. मधुमेह असलेल्यांनी ही गोष्ट समोर ठेवूनच हात पुढे करावा. आणि कुणीच रोजा याच्यावर सोडू नये. खजूर, पाणी, मगरीबची नमाज, थोडं जेवण. कतलीची वेळ तरावीहनंतरची, पानाचीच वेळ. दिवसभराच्या रिकाम्या पोटावर लोणी आणि चॉकलेट घातलं तर उभ्या उभ्या नमाजीत झोप येते, याचे साक्षीदार आमच्या घरात आहेत.

या कृतीत अंडं नाही आणि जिलेटिन नाही, हे मुद्दाम. मऊ जेलीच्या गोळ्यांत आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, आणि ते कुठल्या जनावराचं हे पाकीट सांगत नाही. त्यामुळे गोळ्या-बिस्किटांच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायची सवय आमच्या घरातही आहे. मोसम पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे कारणं वेगळी असतील, पण दुकानात पाकीट उलटं करून बघणारे हात सारखेच दिसतात.

पुलाच्या पलीकडे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची आई राहते. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो. त्यांच्या गच्चीवर नागवेल आहे, सावलीत, शेडनेटखाली, पोराबाळासारखी जपलेली. पहिल्या घाण्याची पानं बाजारातली होती; दुसऱ्यापासून काकूंची. मी डबा दिला की त्या म्हणतात, "अगं, तुझा उपास, आणि खायचं आम्ही?" आणि झाकण तिथंच उघडतात. डबा रिकामा परत करायची त्यांच्याकडे पद्धत नाही, आमच्याकडेही नाही, त्यामुळे तो गेले तीन आठवडे पूल ओलांडत हिंडतोय. मागच्या शुक्रवारी, माग बंद होते म्हणून गल्ली शांत होती, तेव्हा तो परत आला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली बारा पानं, एक नारळ, आणि वर चिठ्ठी: 'छान झालंय. पण लवंग एकच घाल. दोन घशाला लागतात.'

अम्मीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मी चिठ्ठी वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उनसे कहो, मैंने पचास साल पान खाया है. दो." चिठ्ठी मात्र तिनं पानदानात ठेवून दिली.

ईदसाठी दोन डबे करायचे ठरलेत. पलीकडच्या डब्यात लवंग एक, अलीकडच्या डब्यात दोन. दोन्ही चाखणार अम्मीच.